करीमची भट्टी आणि आठशे साठ

आठशे साठ हा आकडा माधवराव निगवेकरांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता. लग्नाची तारीख ते दोनदा विसरले होते आणि दोन्ही वेळा आठवडाभर घरात अबोला सोसला होता. आठशे साठ मात्र कधी विसरले नाहीत. एक किलोवॅटची शेगडी तासभर चालली की आठशे साठ किलोकॅलरी उष्णता देते. म्हणजे तासाला किती उष्णता लागते हे कळलं, की त्याला आठशे साठानं भागायचं. किलोवॅट हजर.

वीज मंडळातल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत हा भागाकार त्यांनी किती वेळा केला असेल याला गणती नाही. शिरोलीचे, उद्यमनगरचे कारखानदार यायचे. कुणाची कोळशाची भट्टी, कुणाची तेलाची. "साहेब, आता विजेवर जायचं म्हणतोय, लोड किती मागू?" माधवराव डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि आकडा सांगायचे. समोरचा माणूस कॅलक्युलेटर काढेपर्यंत यांचं उत्तर तयार. ऑफिसात त्यांना पाठीमागं आठशेसाठ साहेब म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आता लोड विचारायला कुणी येत नव्हतं. नातू विचारायचा ते वायफायचा पासवर्ड. त्यामुळे यंदा आषाढात करीम मुजावरनं फोन करून "माध्या, जरा बेकरीत ये, तुझ्या लाईनीतलं काम हाय" म्हटलं, तेव्हा माधवराव दुपारची झोप टाकून, पेन खिशाला लावून निघाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते काही खोटं नाही.

करीम त्यांचा चौथीपासूनचा मित्र. एका बाकावरचा. कोल्हापूरच्या सोमवार पेठेतली बेकरी त्याच्या आजोबांनी काढलेली, भट्टीही त्यांनीच बांधून घेतलेली. आत वाकून बघितलं तर विटांची कमान, खाली फरशी, आणि एक माणूस हातपाय पसरून झोपेल एवढी जागा. करीमच्या अब्बांनी तिच्यावर पन्नास वर्षं काढली, करीमनं चाळीस. त्याचा मुलगा शाहबाज पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. तो सणाला येतो तेव्हा त्याला भट्टीसमोर पाच मिनिटं उभं राहवत नाही.

करीमनं टेबलावर कागद ठेवला. बेकरीच्या मागं नवी अपार्टमेंट झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांच्या बाल्कनीत धूर जात होता. त्यांनी तक्रार केली, आणि दिवाळीआधी लाकूड बंद करा अशी नोटीस आली. त्यांचंही चुकीचं नव्हतं. वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास कुणाला आवडेल?

"मी म्हटलं, इजेवर करू," करीम म्हणाला. "कॉइल घालू आतनं. पण किती इज लागंल ते तूच सांग. दुसऱ्या कुणाचं मला पटायचं न्हाय."

ते शेवटचं वाक्य माधवरावांना फार गोड लागलं. त्यांनी खारीच्या पिशवीचा एक कागद ओढला.

"रोज लाकूड किती?"

"सव्वाशे किलोच्या आत. एकशेवीस धर."

"किती वेळ जाळतोस?"

"तीनला पेटवतो, सातपतुर."

"चार तास. म्हणजे तासाला तीस किलो." माधवरावांनी डोळे मिटले. वाळल्या लाकडाचे किलोमागं साडेतीन हजार किलोकॅलरी. तीस गुणिले साडेतीन हजार, एक लाख पाच हजार.

"पण माध्या," करीम म्हणाला, "सातला लाकूड संपलं की मग..."

"थांब रे. हिशोब करू दे."

करीम थांबला. एक लाख पाच हजार भागिले आठशे साठ. माधवरावांनी डोळे उघडले आणि कागदावर १२२ लिहून त्याच्याभोवती गोल काढला. एकशेबावीस किलोवॅट. लिहिताना त्यांना आठ वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. मग त्यांनी आकड्याकडं नीट बघितलं आणि त्यांचाच चेहरा उतरला.

"का रं?"

"करीम, एवढं लोड या गल्लीला झेपायचं नाही. अख्ख्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर शंभरचा आहे. तुला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागेल, आणि तो ठेवायला जागा कुठं आहे?"

करीमनं बेकरीभर नजर फिरवली. एका बाजूला पीठ मळायचं मशीन, एका बाजूला भाजायचे पत्रे ठेवायची घोडी, मध्ये भट्टी. गल्लीवर उघडणाऱ्या काउंटरवर त्याची बायको सुलतानबी बसलेली. जागा नव्हती.

"मग मिटलं," करीम म्हणाला.

त्यानंतर त्यानं विजेच्या कामाच्या एका कंत्राटदारालाही बोलावलं. कंत्राटदारानं टेप काढली, मापं घेतली, आणि कागदावरचा गोल केलेला आकडा बघून टेप परत खिशात घातली. "निगवेकर साहेबांनी काढलाय म्हटल्यावर मी काय वेगळं सांगणार?" असं म्हणून तो चहा पिऊन गेला. कुणीही पुन्हा भागाकार केला नाही.

श्रावण गेला, गणपती गेले. करीमनं ठरवलं. दुकान एका मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायचं. त्याला मोकळी जागा हवी होती, तेव्हा आधी भट्टी पाडायची. गवंडी सोमवारी सकाळी येणार, रविवारी पहाटे भट्टी शेवटची पेटणार. हे करीमनं फोनवर एखाद्या लग्नाची तारीख सांगावी तसं सांगितलं, आणि "ये रविवारी, पाव घेऊन जा" म्हणाला.

त्या रविवारी दुपारी माधवराव खुर्चीत बसून होते. घटस्थापना चार दिवसांवर आलेली. बायको आणि सून बाजारात गेल्या होत्या. सकाळी बेकरीत जायचं त्यांनी टाळलं होतं. त्यांना जाववेना. आपल्याच हातानं काढलेला तो गोल त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आकडा त्यांचा, आणि भट्टी पडणार करीमची. वीज मंडळात असताना त्यांनी कितीतरी जणांना जमणार नाही म्हणून सांगितलं होतं, पण त्यातल्या कुणाच्या भट्टीत त्यांच्या घरची नानकटाई भाजली गेली नव्हती.

कारण ती भट्टी अर्धी त्यांचीसुद्धा होती. दिवाळीच्या आधी आठ दिवस सोमवार पेठेत काय गर्दी असायची! घरोघरच्या बायका मैदा, रवा, तूप, पिठीसाखर मोजून डब्यात भरायच्या आणि डबा बेकरीत द्यायच्या. बेकरीवाल्यानं ते मळायचं, पत्र्यांवर गोळे लावायचे आणि भाजून द्यायचं. सामान तुमचं, भट्टी आमची. रांगेत डबे असायचे, माणसं पायरीवर. प्रत्येक घराची नानकटाई ओळखू यावी म्हणून खूण असायची. कुणी बदाम लावे, कुणी चमच्यानं फुली काढे. निगवेकरांची खूण म्हणजे मधोमध एकच चारोळी. दोन लावायची ऐपत नव्हती असं नाही, पण माधवची मोठी बहीण अक्का म्हणायची, "खूण हाय, सजावट न्हाय."

आई सतत आजारी, त्यामुळे घरात अक्काचंच राज्य. तेव्हा ती अठरा वर्षांची, माधव दहाचा. डब्यावर टॉवेल बांधून ती तो माधवच्या डोक्यावर द्यायची, आणि पाठीमागून अशी चालायची की आसपासचे सायकलवाले आपोआप बाजूला व्हायचे.

बेकरीत माधव आणि करीम भट्टीच्या तोंडाशी बसायचे. अब्बांकडं उष्णता मोजायला काटा नव्हता, घड्याळही नव्हतं. हात होता. भट्टीच्या तोंडातून कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि मोजायला लागायचं. आठाला हात काढावा लागला तर पावाची वेळ. बारापर्यंत राहिला तर खारी. वीसपर्यंत राहिला तर नानकटाई. आणि कितीही मोजलं तरी काढावासा वाटला नाही, तर टोस्ट वाळायला टाकायचे आणि दार लावून घरी जायचं.

एकदा अब्बा लाडात येऊन म्हणाले, "माधव बेटा, आज तू मोज." माधवनं हात घातला. चटका बसतो की काय या भीतीनं त्यानं एक-दोन-तीन-चार असे आकडे भरभर म्हणून टाकले आणि विसाला हात बाहेर काढला. "झाले वीस!" अब्बांनी पोराच्या शब्दावर पत्रे आत सारले. ते पत्रे निगवेकरांचेच होते. बाहेर आली ती नानकटाई काळपट झाली होती, चारोळी तर कोळसाच. अक्कानं भर बेकरीत कान पिरगाळला. अब्बा पोट धरून हसले आणि म्हणाले, "माधवचे वीस म्हंजे माझे बारा! ध्यानात ठेवा रे सगळ्यांनी." पुढं कितीतरी वर्षं सोमवार पेठेत माधवनं कुठलाही आकडा सांगितला की कुणीतरी विचारायचं, "हे तुझ्या मापाचे, की अब्बांच्या?"

माधवराव खुर्चीत बसल्या बसल्या हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अब्बा गेले, ती गर्दी गेली. आता निम्म्या पेठेच्या घरांत छोटे ओव्हन आहेत, उरलेले विकत आणतात. तरी दिवाळीत पंचवीस-तीस डबे अजून करीमकडं येत. त्यातला एक जयसिंगपूरहून यायचा, एसटीनं, अक्काच्या मांडीवर बसून.

आणि तेवढ्यात अक्काचाच फोन आला. ती लग्न होऊन जयसिंगपूरला गेली त्याला चोपन्न वर्षं झाली, वय झालं शहात्तर, पण आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नाही.

"माध्या, औंदा डबा कधी आणू? मी आधीच सांगून ठेवतो, करीमला म्हणावं माझा नंबर पयला." अक्का अजूनही अस्सल कोल्हापूरवाली; स्वतःबद्दल बोलताना येतो, जातो, सांगतोच म्हणायची.

माधवरावांनी एक श्वास घेतला. "अक्का, बेकरी बंद झाली. उद्या भट्टी पाडणार."

अक्काचा आवाज खाली आला.

"का?"

त्यांनी सांगितलं. धूर, नोटीस, लाकूड बंद. विजेचा विचार केला होता, पण एकशेबावीस किलोवॅट लागतात आणि तेवढी वीज गल्लीत मिळणार नाही.

"कशाला लागतात एवढे?"

"भट्टीत लाकूड जळतं ना, त्याची तेवढी उष्णता होते. ती विजेनं द्यायची तर..."

"आरं, नानकटाईला कुठलं लाकूड?" अक्का म्हणाली. "चार वाजल्याबिगर मी तुला कधी डबा न्हेऊ दिला का? विस्तव जाऊन आठ-नऊ तास झालेले असायला पायजेत. भट्टीत निखारा सुदिक नसायचा. फडक्यानं पुसल्याली फरशी असायची. विझलेल्या भट्टीत भाजायची की नानकटाई!"

माधवरावांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खिळली.

"आं? हाईस का?"

"आहे," ते म्हणाले. "अक्का, जरा ठेव फोन."

विझलेल्या भट्टीत. लाकूड सातला संपतं. अंगार ओढून काढतात, ओल्या पोत्यानं फरशी पुसतात, दार लावतात. मग पाव, मग खारी, मग दुपारी बिस्किटं, चारला नानकटाई, आणि संध्याकाळी आठला टोस्ट. सगळा दिवस भट्टी पेटलेली नसतेच. चार तास ती खाते आणि उरलेले वीस तास देत राहते. आपण त्या चार तासांची भूक मोजली आणि वीस तास तेच लागणार म्हणून सांगून बसलो. एखाद्यानं सकाळच्या न्याहारीला चार भाकऱ्या खाल्ल्या म्हणून तो दिवसभर दर तासाला चार भाकऱ्या खातो असा हिशोब धरावा, तसं हे झालं.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान काढलं. रोजचं लाकूड एकशेवीस किलो. साडेतीन हजारानं गुणलं, चार लाख वीस हजार. हे दिवसाचं. विटा उष्णता धरून ठेवतात, तेव्हा ती चार तासांत कोंबायची गरज नाही, दिवसभर हळूहळू दिली तरी चालेल. भागिले चार नाही, भागिले चोवीस. साडेसतरा हजार. भागिले आठशे साठ.

वीस. वर थोडंसं.

त्यांनी पुन्हा केलं. कागदावर, सावकाश, हातचे लिहून, चौथीच्या पोरासारखं. वीसच आले. आणि या विसात तर धुराड्यातून वाया जाणारी उष्णतासुद्धा धरलेली होती. धूरच नाही तर धुराडं बुजवता येईल, म्हणजे त्याहून कमीच. बेकरीत पीठ मळायच्या मशीनसाठी तीन फेजची जोडणी होतीच. वीस किलोवॅटला ट्रान्सफॉर्मर लागत नाही. एक अर्ज लागतो.

आठशे साठ बरोबरच होता. तो कधी चुकतच नाही. चूक त्याच्या आधीच्या ओळीत होती, आणि ती दुरुस्त करायला करीम तोंड उघडत होता तेव्हा यांनी त्याला थांब म्हटलं होतं. हे आठवलं आणि माधवराव चपला शोधू लागले. तीन महिने! तीन महिने तो माणूस त्यांच्या आकड्याचं ओझं घेऊन फिरत होता.

रिक्षानं ते बेकरीत पोहोचले तेव्हा साडेचार वाजले होते. काउंटरवरची काचेची कपाटं रिकामी. सुलतानबी जुन्या बरण्या कागदात गुंडाळत बसली होती. आत करीम भट्टीसमोरच्या स्टुलावर नुसताच बसला होता. भट्टीचं दार लावलेलं.

"सकाळी का आला न्हाईस?" करीम म्हणाला. "पाव संपले."

"करीम, सकाळी किती वाजता विझवलीस?"

"सातला. रोजच्यासारखी. का?"

माधवरावांनी दार बाजूला सरकवलं, शर्टाची बाही वर केली आणि हात आत घातला. ऊब कोपरापर्यंत चढली. त्यांनी मोजायला सुरुवात केली. या वेळी सावकाश. करीम त्यांच्याकडं बघत राहिला. म्हातारपणी ह्याचं डोकं फिरलं की काय, असा त्याचा चेहरा. अठरा, एकोणीस, वीस. विसाला चटका जाणवायला लागला आणि त्यांनी हात बाहेर काढला. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"नानकटाईची वेळ," करीम सवयीनं म्हणाला.

"करीम, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"एकशेबावीस चुकलं. वीस पाहिजेत. वीसच." आणि त्यांनी कॅलेंडरचं पान पुढं केलं. चार तासांचं, चोवीस तासांचं, सगळं सांगितलं. "तू त्या दिवशी सांगत होतास. सातला लाकूड संपलं की मग, असं म्हणालास. मी तुला पुढं बोलूच दिलं नाही."

करीमनं पान हातात घेतलं. त्याला त्यातलं गणित कळलं की नाही देव जाणे, पण तो वीस या आकड्यावर बोट ठेवून बसला. बाहेरून सुलतानबी आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"भावजी," ती म्हणाली, "ह्ये रोज रात्री मला सांगायचे. भट्टी तर दिवसभर विझलेली असती, मग इज कशाला एवढी लागती म्हणून. मी म्हटलं, जाऊन इचारा की माधव भावजींना. तर म्हणायचे, त्यानं आयुष्यभर तेच काम केलंय, त्याला काय शिकवू?"

माधवरावांना खाली बघावं लागलं. रागावला असता तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं रोज त्या भट्टीत हात घालणारा माणूस, त्याला खरं काय ते ठाऊक होतं, आणि मित्राच्या आकड्यापुढं त्यानं स्वतःचा हात खोटा ठरवला होता. ही गोष्ट माधवरावांना आजवरच्या कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागली. त्यांनी करीमचा हात धरला. त्या हातावर कोपरापर्यंत एक केस नव्हता. ते सगळे कधीच भट्टीनं नेले होते.

"मी शिव्या खायला आलोय," ते म्हणाले. "घाल."

"शिव्या नंतर घालतो," करीम उठत म्हणाला. "आधी गवंड्याला फोन करतो. पाच वाजले की त्यो फोन उचलत न्हाय."

मोबाईलवाला दुसऱ्या दिवशी तणतणत आलाच. "जबान दिलीय तुम्ही," म्हणाला. करीमनं त्याला स्टुलावर बसवलं. "व्हय, दिलीया. चूक माझीच हाय पावणं, पाया पडू का तुमच्या? पण भट्टी मरायची न्हाय म्हटल्यावर मारू कशी?" मोबाईलवाला कोल्हापूरचाच होता. त्याच्या आईचा डबासुद्धा याच बेकरीत यायचा. तो खारी खाऊन गेला.

पुढचे वीस दिवस माधवराव घरात जेवायलाच तेवढे असायचे. शिरोलीचा आकाराम, जो कारखान्यांच्या भट्ट्यांना कॉइल बसवून देतो, त्याला ते धरून घेऊन आले. आकारामनं आत वाकून कमान बघितली आणि बाहेर येऊन पहिल्यांदा विटांना हात जोडले. "असली बांधणी आता पैसं टाकून मिळत न्हाय, साहेब. ह्या इटा एकदा तापल्या की दुसऱ्या दिवशीपतुर सोडत न्हाईत. तुम्हाला कुणी सांगितलं हिला एकशेबावीस लागतात?" माधवरावांनी खोकला आल्याचं दाखवलं. करीम भिंतीकडं तोंड करून हसला.

लोड वाढवायच्या अर्जासाठी ते आपल्याच जुन्या ऑफिसच्या रांगेत उभे राहिले. खिडकीपलीकडच्या मुलीला ते कोण हे ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "काका, वीस किलोवॅट कसे काढले?" त्यांनी कॅलेंडरचं पान दाखवलं. ती म्हणाली, "छान, पायऱ्या सगळ्या लिहिल्यात." एवढं कौतुक त्यांचं निरोप समारंभातही झालं नव्हतं.

भट्टीच्या बाजूच्या भिंतींत खाचा पाडून कॉइल बसल्या. धुराडं विटांनी बुजवलं. ते बुजवताना करीम बाहेर जाऊन उभा राहिला. त्या धुराचा वास त्याच्या लहानपणाचा वास होता, आणि आता तो कधीच येणार नव्हता. माधवरावही त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. काही गोष्टी वाचतात, काही जातात. भट्टी वाचली, धूर गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मात्र बाल्कनीतून हात केला.

आकारामनं भट्टीच्या दाराशेजारी एक डबीएवढा काटा बसवला. त्यावर आतलं तापमान लाल आकड्यांत दिसायचं. करीमनं त्याच्याकडं पाहुण्यासारखं बघितलं आणि त्याच्यावर एक फडकं टाकलं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी अक्का जयसिंगपूरहून आली. डबा मांडीवर. बेकरीच्या पायरीवर पंधरा-वीस डबे आधीच रांगेत होते, पण तिनं आपला सरळ पहिला ठेवला आणि मागच्यांकडं एक नजर टाकली. मागच्यांनी आपापले डबे मागं सरकवले. पत्र्यांवर गोळे लागले, अक्कानं पदरात बांधून आणलेल्या चारोळ्या काढल्या, एकेकावर एकच.

चार वाजले. कॉइल रात्रभर चालवून सकाळीच बंद केल्या होत्या; धुराडं बुजल्यावर तेवढं पुरत होतं. आत अंधार, फरशी पुसलेली, आणि कमानीच्या विटांमधून तीच जुनी, सावकाश येणारी ऊब. माधवरावांना वाटलं, मागं वळलो तर अब्बा तिथं उभे असतील.

करीमनं दार सरकवलं. बाही वर केली. मग थांबला आणि बाजूला झाला.

"माध्या, तू मोज."

"मी?" माधवराव अक्काकडं बघत म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या कानाला अजून ती पकड आठवत होती.

"व्हय, तू. पण सावकाश." करीमच्या ओठांवर हसू आलं, डोळे मात्र भरून आले होते. "तुझे वीस म्हंजे आपले बारा, हे अब्बा सगळ्या पेठेला सांगून गेलते. तू एकशेबावीस म्हणालास, तवाच मी इचारायला पायजे होतं, कुणाच्या मापाचे."

अक्का खो खो हसायला लागली. पायरीवरचे लोक हसले. माधवरावांनी हसत, डोळे पुसत हात भट्टीत घातला.

"एक," ते म्हणाले, आणि थांबले.

"दोन," करीम म्हणाला.

मग दोघांनी मिळून, एकेक आकडा पुरता संपवून, वीसपर्यंत मोजलं. फडक्याखालच्या काट्याकडं कुणीही बघितलं नाही.